लिलावाच्या पानावरील वर्णन: साध्या टॅगांनी मांडणी कशी करावी

आपण खानापूरहून विचारले आहे की, सासऱ्यांच्या भांड्यांच्या दुकानातून निघालेली जुनी पितळी मापे, अडकित्ते आणि समया आपण ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर लिलावाला लावू लागला आहात. वर्णन नोटपॅडमध्ये ओळीखाली ओळ असे व्यवस्थित लिहिता, परंतु पानावर चिकटवले की सगळा मजकूर एका गठ्ठ्यात येतो. तो सुटा कसा करावा, आणि इतर विक्रेत्यांच्या पानांवर दिसतात तशा रंगीत चौकटी, सरकती अक्षरे आणि नक्षीच्या पट्ट्या आपल्या पानावर कशा आणाव्यात, असे आपले दोन प्रश्न आहेत. मी शहापुरात राहते. बरीच वर्षे डीटीपीचे काम केल्यावर गेली चौदा वर्षे जुनी भांडी, दौती, टाक आणि घड्याळे ऑनलाइन लिलावात विकत आले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. दुसऱ्याबाबत मात्र त्या वाटेला जाऊ नका, असेच मी सांगेन, आणि तसे का सांगते हेही नीट मांडते.

आधी गठ्ठ्याचे पाहू. ईबेची वर्णनाची पेटी दोन प्रकारे चालते. एका प्रकारात आपण साधे टाइप करतो आणि वरच्या बटणांनी अक्षर ठळक करतो किंवा यादी पाडतो. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे एचटीएमएल (वेबपानाची मांडणी सांगणारी खुणांची भाषा) कोड दाखवण्याचा पर्याय निवडल्यावर, मजकूर त्याच्या मूळ खुणांसह दिसतो. आपण बहुधा हा दुसरा पर्याय चालू असताना नोटपॅडचा मजकूर चिकटवत असाल. ब्राउझर एंटरच्या बटणाला किंमत देत नाही. दहा वेळा एंटर दाबले काय किंवा वीस मोकळ्या जागा सोडल्या काय, त्याच्या लेखी त्या सगळ्यांची मिळून एकच मोकळी जागा होते. येथे परिच्छेद संपला, येथे नवी ओळ सुरू झाली, हे त्याला खुणेनेच सांगावे लागते, आणि त्या खुणेला टॅग म्हणतात.

टॅगचे नाव कोनी कंसांच्या, म्हणजे < आणि > या चिन्हांच्या, आत लिहायचे असते. मी येथे ही नावे देवनागरीत देत आहे, टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांतच टाकावीत. बहुतेक टॅग जोडीने येतात: एक मजकुराच्या आधी आणि एक नंतर, आणि नंतरच्या टॅगमध्ये नावाच्या आधी एक तिरकी रेघ असते. परिच्छेदासाठी पी, ठळक अक्षरांसाठी बी, उपशीर्षकासाठी एच आणि त्याला लागून तीनचा आकडा, यादीसाठी यूएल आणि यादीतील प्रत्येक कलमासाठी एलआय, तक्त्यासाठी टेबल, तक्त्यातील आडव्या ओळीसाठी टीआर आणि प्रत्येक घरासाठी टीडी. नुसती ओळ तोडायची असेल तर बीआर, आणि त्याला जोडीदार लागत नाही. एवढ्या नऊ टॅगांवर माझी जवळजवळ सगळी पाने उभी आहेत. एच-एक आणि एच-दोन मी वापरत नाही, कारण पानावर वस्तूचे नाव ईबे स्वतः मोठ्या अक्षरांत दाखवतेच. आपले उपशीर्षक त्याच्याशी स्पर्धा करू लागले की पान विस्कटलेले दिसते.

बीआरविषयी थोडे सांगावेसे वाटते, कारण नवीन माणूस सगळ्यांत आधी त्याच्याच प्रेमात पडतो. परिच्छेदांमध्ये अंतर हवे म्हणून लोक चार-चार बीआर एकापाठोपाठ टाकतात. संगणकावर ते बरे दिसते, मोबाइलवर मात्र पडद्याची अर्धी जागा कोरी राहते आणि वर्णन येथेच संपले असे वाटून माणूस मागे फिरतो. अंतराचे काम पी करतो. बीआर फक्त पत्त्यासारख्या मजकुरात, जेथे ओळ तुटली पाहिजे पण परिच्छेद बदलत नाही, तेथेच वापरावा.

आता मांडणीचा खरा विषय. संकेश्वरला मिरचीच्या सौद्यात व्यापारी पोत्याच्या तोंडाशी ठेवलेला लालभडक माल पाहून भाव बोलत नाही. तो हात कोपरापर्यंत आत घालतो, खालची मूठभर मिरची वर काढतो, एक मोडून बी पाहतो, वास घेतो आणि मगच आकडा उच्चारतो. आपल्या लिलावात बोली लावणारा हजारो मैल दूर बसलेला असतो आणि त्याला पोत्यात हात घालता येत नाही. तो हात घालण्याचे काम आपल्या वर्णनाने करायचे असते. वस्तू नेमकी काय आहे, केवढी आहे, कोठे बिघडली आहे, आणि ती त्याच्या हातात कशी व किती खर्चात पोहोचेल, या चार गोष्टी त्याला शोधाव्या न लागता सापडल्या की तो बोली लावतो. पान आकर्षक करणे याचा अर्थ मी एवढाच घेते की या चार गोष्टी नजरेला लगेच भेटाव्यात. ज्या टॅगने त्या लवकर भेटतात तो टॅग ठेवावा, ज्याने त्या झाकल्या जातात तो काढावा.

एक वस्तू घेऊन हे प्रत्यक्ष करून पाहू. आपल्या मापांपैकी चिपटे घ्या. पूर्वी मीदेखील अशा वस्तूचे वर्णन एका दमात लिहीत असे: अतिशय सुंदर, दुर्मीळ, अस्सल जुने पितळी माप, उत्तम स्थिती, संग्राहकांसाठी पर्वणी, संधी सोडू नका. एवढ्या शब्दांत चिपट्याची उंचीही कळत नाही. आज मी तेच असे लिहीन. पहिल्या पी टॅगमध्ये दोनच वाक्ये: हे पितळी चिपटे, म्हणजे पाव शेराचे धान्य मोजण्याचे माप आहे, बेळगाव भागातील एका दुकानात ते वापरात होते आणि त्याच्या काठाला एक पोचा आहे. पोचा पहिल्या दोन वाक्यांतच येतो, हे लक्षात घ्या. त्याच्याखाली दोन घरांचा छोटा तक्ता: डावीकडे उंची, उजवीकडे ६.२ सेंटिमीटर म्हणजे २.४ इंच, डावीकडे तोंडाचा व्यास, उजवीकडे ७ सेंटिमीटर म्हणजे २.८ इंच, डावीकडे वजन, उजवीकडे ३१० ग्रॅम. सेंटिमीटर आणि इंच दोन्ही द्यावेत, कारण अमेरिकेतील ग्राहक इंचात विचार करतो आणि युरोपातील सेंटिमीटरमध्ये. तक्त्याखाली ‘स्थिती’ असे एच-तीनचे उपशीर्षक आणि त्याखाली यादी: काठाला एक पोचा, सहाव्या फोटोत दिसतो, बुडावर घासल्याच्या रेघा, पाणी भरून एक रात्र ठेवले, गळत नाही, चिंच-मिठाने घासलेले नाही, पितळेचा जुना रंग तसाच आहे. हे शेवटचे कलम विसरू नका, आणि फोटो काढण्याआधी भांडी उजळण्याचा मोहही आवरा. जुन्या पितळेच्या संग्राहकाला तो काळपट रंगच हवा असतो.

मापांचा संच एकत्र विकायचा असेल तर तक्त्याचे महत्त्व आणखी वाढते. निळवे, कोळवे, चिपटे, मापटे आणि शेर ही चढती माळ आपल्याला पाठ असते. दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे आणि दोन मापट्यांचा एक शेर. परदेशातील माणसाला ही नावे सर्वस्वी नवी असतात, आणि वाक्यात गुंफली तर ती त्याच्या डोक्यात राहत नाहीत. तक्त्याच्या पहिल्या घरात नाव, दुसऱ्यात शेराचा कितवा भाग, तिसऱ्यात उंची आणि चौथ्यात उणीव लिहिली की पाच ओळींत संपूर्ण संच उभा राहतो. चारपेक्षा जास्त घरे मात्र आडवी करू नका, मोबाइलवर ती उजवीकडे बाहेर जातात. नावे इंग्रजी अक्षरांत लिहाच, शिवाय एकदा देवनागरीतही लिहा. परदेशात स्थायिक झालेली आपली माणसे आजीच्या घरातले चिपटे शोधत असतात आणि तो एक शब्द पाहून त्यांची बोली चढते, हे मी अनेकदा अनुभवले आहे.

मोबाइलचा उल्लेख दोनदा झाला, कारण आज बोली लावणारे बरेच लोक पान फोनवरच उघडतात. तेथे पूर्ण वर्णन लगेच दिसत नाही; आधी सुमारे ८०० अक्षरांपर्यंतचा सारांश दिसतो आणि उरलेले वाचायचे तर आणखी एकदा बोट लावावे लागते. त्या सारांशात आपली ठळक अक्षरे आणि रंग टिकतीलच असे धरून चालू नये. म्हणून पहिली ८०० अक्षरे अशी लिहावीत की सगळी सजावट गळून गेली तरी ती स्वतःच्या पायावर उभी राहतील. दुकानाचे स्वागताचे वाक्य, ‘आमच्या इतर वस्तूही पहा’ अशी विनंती, परतीचे लांबलचक नियम हे सगळे खाली ढकलावे. पुष्कळ विक्रेते वर्णनाच्या डोक्यावर भलेमोठे नाव आणि स्वागत घालतात. मोबाइलवर त्यांच्या वस्तूविषयी ग्राहकाला पहिल्या पडद्यावर काहीही कळत नाही.

रुंदीचे माप पिक्सेलमध्ये, म्हणजे पडद्यावरील ठिपक्यांत, पक्के बांधू नये, हीदेखील मोबाइलचीच शिकवण. तक्त्याला किंवा चित्राला ८०० पिक्सेल रुंदी दिली की फोनवर वाचणाऱ्याला प्रत्येक ओळ डावी-उजवी सरकवावी लागते. त्याऐवजी कोनी कंसात टॅगच्या नावापुढे लिहायच्या स्टाइल या गुणधर्मात जास्तीत जास्त रुंदी १०० टक्के अशी द्यावी; मग पडदा लहान असो की मोठा, तक्ता त्यात मावतो. अक्षरांचा आकार १६ पिक्सेल आणि ओळींतील अंतर दीडपट ठेवले की वाचणे सुखाचे होते. मजकूर डावीकडून सरळ लावावा. सगळे वर्णन मधोमध आणणे ही लग्नपत्रिकेची रीत आहे. डीटीपीच्या दिवसांत मी अशा शेकडो पत्रिका जुळवल्या आणि पत्रिकेत ती शोभतेही, परंतु मधोमध लावलेल्या मापांच्या ओळींत प्रत्येक ओळीचा आरंभ वेगळ्या जागी पडतो आणि डोळ्याला दर वेळी तो नव्याने शोधावा लागतो.

आता आपला दुसरा प्रश्न. सरकती अक्षरे आणण्यासाठी मार्की नावाचा टॅग आहे, आणि रंग व आकार बदलण्यासाठी जुना फॉण्ट टॅग. फॉण्ट आणि मजकूर मधोमध आणणारा सेंटर हे दोन्ही टॅग १९९७ साली आलेल्या एचटीएमएल ४ मध्येच वापरू नयेत अशा यादीत गेले, आणि २०१४ च्या एचटीएमएल ५ मध्ये मार्कीसह ते कालबाह्य ठरले. ब्राउझर ते अजून दाखवतात, म्हणून जुन्या नमुन्यांतून ते आपल्यापर्यंत येतात. पण माझा आक्षेप तांत्रिक नाही. सरकणारा मजकूर ग्राहकाला त्याच्या वेगाने वाचता येत नाही. तो मजकुराच्या वेगाने वाचायला भाग पाडला जातो, आणि वस्तूचा विचार करायची त्याची घडी निघून जाते. ज्या क्षणी त्याने पोच्याचा फोटो नीट पाहावा असे आपल्याला वाटते, त्या क्षणी त्याची नजर सरकत्या ओळीकडे ओढली जाते.

रंगांचेही तसेच आहे. पिवळ्यावर लाल, निळ्यावर हिरवा हे आपल्याकडे जत्रेच्या कमानीवर उठून दिसते, कारण ते लांबून आणि क्षणभर वाचायचे असते. वर्णन जवळून आणि सावकाश वाचायचे असते. पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळी किंवा गडद करडी अक्षरे ठेवा. रंग वापरायचाच असेल तर तो एकच आणि तोही उपशीर्षकांपुरता. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातील उजेडाचे गुणोत्तर किमान ४.५ ला १ असावे, असे वेब सुलभतेचे मान्य प्रमाण आहे; फिकट करडी अक्षरे त्यात बसत नाहीत, आणि जुन्या वस्तू विकत घेणारे बरेच ग्राहक चाळिशी लागलेले असतात. ठळक अक्षरांविषयीही हात आखडता ठेवा. एका वर्णनात तीन-चार जागी ठळक केले तर त्या जागा दिसतात. अर्धे वर्णन ठळक केले तर काहीच दिसत नाही.

हलती बटणे, मोजणी करणारे आकडे, आपोआप बदलणारी चित्रे यांसाठी जावास्क्रिप्ट, म्हणजे पान हलते-चालते करणारी संगणकाची भाषा, लागते. २०१७ पासून ईबे वर्णनात जावास्क्रिप्ट, फ्लॅश, प्लग-इन अशा कोणत्याही चालत्या कोडला परवानगी देत नाही. जुन्या नमुन्यात असा कोड राहिला असेल तर ते पान अडकू शकते. म्हणून फुकट मिळणारे सजवलेले नमुने जसेच्या तसे उचलू नका. उचललाच तर त्यात स्क्रिप्ट हा शब्द कोठे येतो का, ते शोधून तो भाग काढून टाका.

चित्रांबाबत माझा स्पष्ट सल्ला असा की वस्तूचे फोटो वर्णनात घालूच नयेत. ते ईबेच्या स्वतःच्या फोटोंच्या जागीच चढवावेत. तेथे फोटोची लांब बाजू किमान ५०० पिक्सेल असावी लागते आणि १६०० पिक्सेल असेल तर ग्राहकाला तो मोठा करून पाहता येतो. फोटोवर चौकट, अक्षरे किंवा नक्षी चढवायला परवानगी नाही, त्यामुळे ती हौस तेथेही भागत नाही. वर्णनात चित्रे न घालण्याचे कारण मी स्वतः भोगले आहे. सुरुवातीच्या काळात मी माझे सगळे फोटो एका फुकट सेवेवर चढवून त्यांचे दुवे वर्णनात देत असे. एके दिवशी त्या सेवेने आपले नियम बदलले, आणि माझ्या चालू लिलावांमध्ये फोटोंच्या जागी करड्या चौकोनांखेरीज काही उरले नाही. त्यातील दोन लिलाव त्याच संध्याकाळी संपणार होते आणि दोन्ही पहिल्या बोलीवर गेले. तरीही एखादे चित्र, समजा मापांची उतरंड दाखवणारी आकृती, वर्णनात घालायचीच असेल, तर तिचा दुवा एचटीटीपीएसने, म्हणजे सुरक्षित जोडणीच्या खुणेने, सुरू होणारा असावा आणि ऑल्ट या गुणधर्मात आकृतीत काय आहे ते एका वाक्यात लिहावे, म्हणजे चित्र न उघडले किंवा पाहणाऱ्याला दिसत नसले तरी अर्थ पोहोचतो.

उणिवांच्या मांडणीकडे मी परत येते, कारण सगळ्यांत जास्त नुकसान मी तेथेच सोसले आहे. सहा वर्षांपूर्वी मी पितळी दांड्यांचा आणि लोखंडी पात्याचा, मोराच्या आकाराचा एक अडकित्ता लिलावाला लावला होता. पान मी मन लावून सजवले होते: वर मोराच्या पिसांची पट्टी, मध्ये मरून रंगाची चौकट, त्यात तिरक्या अक्षरांत वर्णन. अडकित्त्याची खीळ सैल होती आणि पाते किंचित हलत होते, हे मी लिहिलेही होते, पण चौकटीच्या खाली, परतीच्या नियमांनंतर, बारीक अक्षरांत. बोली उत्तम चढली. वस्तू पोहोचल्यावर ग्राहकाने ती परत पाठवली आणि लिहिले की खीळ सैल असल्याचे त्याला कोठेही दिसले नाही. मी त्याला ती ओळ दाखवू शकले असते. पण त्याचे म्हणणे खरे होते. लिहिलेली गोष्ट त्याला दिसली नव्हती आणि ती न दिसण्याची व्यवस्था मीच केली होती. जाण्या-येण्याचे टपाल मी भरले. तोच अडकित्ता पुढे मी पट्टी आणि चौकट काढून, पहिल्याच परिच्छेदात खिळीचा उल्लेख करून पुन्हा लावला. तो थोड्या कमी भावाने गेला, पण ज्याने घेतला त्याने तो ठेवला, आणि नंतर माझ्याकडून आणखी चार वस्तू घेतल्या.

वस्तूच्या नावाच्या ओळीत कोणताही टॅग चालत नाही, त्यामुळे तेथे फक्त शब्दांची निवड उरते. नावाला ८० अक्षरांची मर्यादा आहे. शोधणारा माणूस सुंदर किंवा दुर्मीळ असे शब्द टाइप करत नाही. तो पितळ, धान्यमाप, भारत, चिपटे असे शब्द टाइप करतो. उद्गारचिन्हे आणि तारे यांत अक्षरे वाया घालवू नका. नावाखाली ईबे धातू, आकार, मूळ देश अशी जी घरे भरायला देते ती सगळी भरा. ग्राहक त्या घरांवरूनही गाळणी लावतो, आणि तेथे रिकामे ठेवलेले पान सुबक वर्णन असूनही त्याच्यासमोर येत नाही.

वयाविषयी एक गंभीर सूचना द्यायला हवी, कारण पान आकर्षक करण्याच्या ओघात हाच आकडा सर्वांत आधी फुगतो. ‘दीडशे वर्षांचे जुने’ असे ठळक अक्षरांत लिहिणारे विक्रेते मी पाहते. पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार १०० वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि तिची खासगी निर्यात करता येत नाही. हस्तलिखितांसाठी ती मर्यादा ७५ वर्षांची आहे. म्हणजे ते ठळक वाक्य खोटे असेल तर ग्राहकाची फसवणूक होते, आणि खरे असेल तर कायद्याचा भंग. शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून वस्तू पुरावस्तू नसल्याचे प्रमाणपत्र घेता येते. हस्तिदंती मूठ असलेली वस्तू तर लिलावाचा विचारही न करता बाजूला ठेवावी, हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आहे. आपल्या मापांसाठी वयाचा प्रामाणिक अंदाज देण्याचा एक मार्ग आहे. दशमान वजनमापे देशात १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली, त्यामुळे शेराच्या मापाविषयी ‘बहुधा दशमान पद्धत येण्यापूर्वीचे’ असे लिहिता येते, आणि मापावर सरकारी तपासणीचा ठसा असेल तर त्याचा जवळून काढलेला फोटो देऊन त्यावरील वर्ष ग्राहकालाच वाचू द्यावे.

आता लिहिण्याच्या साधनांतील दोन अडचणी, ज्या आपल्या भागात विशेष दिसतात. पहिली म्हणजे जुने मराठी फॉण्ट. बेळगाव-निपाणीकडच्या कित्येक डीटीपी केंद्रांतून मजकूर अजूनही युनिकोडच्या (सर्व संगणकांना समजणाऱ्या, अक्षरांच्या समान संकेतपद्धतीच्या) आधीच्या फॉण्टमध्ये टाइप होऊन येतो. तो कागदावर मराठी दिसतो, पण वेबवर चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा होतो. चिपटे किंवा अडकित्ता हा शब्द देवनागरीत द्यायचा असेल तर तो फोनच्या मराठी कीबोर्डवर टाइप करा, तो युनिकोडच असतो. आणि नोटपॅडची फाइल जतन करताना यूटीएफ-८ हा युनिकोड जतन करण्याचा पर्याय निवडा. दुसरी अडचण वर्ड या प्रोग्रॅमची. वर्डमधून मजकूर थेट चिकटवला की त्याच्याबरोबर त्याच्या स्वतःच्या मांडणीच्या ओळीच्या ओळी येतात, चार वाक्यांच्या मागे पानभर कोड साचतो आणि नंतर एक शब्दही सुधारणे जिकिरीचे होते. आधी नोटपॅडमध्ये चिकटवावे, तेथे सगळी मांडणी गळून पडते, आणि मग टॅग आपल्या हाताने घालावेत.

हाताने टॅग घालताना चूक हमखास होते ती जोडीदार विसरण्याची. ‘स्थिती’ हा शब्द ठळक केला आणि शेवटची तिरकी रेघ राहिली, तर तेथून पुढचे सगळे वर्णन ठळक होते. म्हणून मी टॅग सुरू करताच त्याचा शेवटचा जोडीदार आधी टाइप करते आणि मग दोघांच्या मध्ये मजकूर लिहिते. ही सवय लावून घेतल्यास आपला पुष्कळ वेळ वाचेल. मजकुरात कोनी कंस साध्या चिन्हासारखा वापरू नका. त्याच्यामागे लगेच अक्षर आले तर ब्राउझर त्याला टॅग समजतो आणि पुढचा शब्द गिळून टाकतो. ‘पेक्षा कमी’ असे शब्दांतच लिहावे.

एकदा एक वर्णन मनासारखे जमले की त्याचा सांगाडा वेगळ्या फाइलमध्ये ठेवा: पहिला परिच्छेद, मापांचा तक्ता, स्थितीची यादी, पाठवणीचा परिच्छेद, परतीचा परिच्छेद. मजकुराच्या जागा मोकळ्या सोडा. पाठवणीचा परिच्छेद छोटा असावा: खरेदीनंतर किती दिवसांत टपालात पडेल, कोणत्या सेवेने जाईल, वेष्टन कसे असेल. समईसारख्या वस्तूबाबत ती सुटी करून पाठवणार की जोडलेली, हेही लिहा, कारण सुट्या भागांच्या आट्या न जुळल्याची तक्रार मला वारंवार आली आहे. आपला फोन नंबर किंवा बाहेरच्या दुकानाचा दुवा वर्णनात देऊ नका; ईबेच्या नियमांत ते बसत नाही आणि त्यावरून लिलाव काढून टाकला जाऊ शकतो.

लिलाव लावण्याआधी सगळे तपासून घ्यावे, कारण निश्चित किमतीच्या विक्रीत वर्णन केव्हाही सुधारता येते, लिलावात तसे नसते. एकदा बोली लागली की मूळ वर्णनात फेरफार करता येत नाही, फक्त त्याखाली भर घालता येते, आणि शेवटच्या बारा तासांत बंधने आणखी घट्ट होतात. चुकलेले माप खाली दुरुस्त करून लिहिले तरी वरचे चुकीचे माप तसेच राहते आणि वाचणाऱ्याला दोन्हींपैकी खरे कोणते हे कळत नाही. म्हणून नोटपॅडची फाइल एचटीएमएल या विस्ताराने, म्हणजे नावाच्या शेवटी .html लावून, जतन करा आणि संगणकाच्या ब्राउझरमध्ये उघडा. खिडकी हळूहळू अरुंद करत फोनएवढी करा आणि तक्ता कोठे तुटतो ते पहा. मग तीच फाइल फोनवर पाठवून अंगणात, उन्हात उभे राहून वाचा. शेवटी ती घरातील अशा माणसाच्या हातात द्या ज्याने ती वस्तू पाहिलेली नाही, आणि फक्त दोन गोष्टी विचारा: हे केवढे आहे, आणि याला काय झाले आहे. माझ्याकडे हे काम माझी भाची करते. तिने दोन्ही उत्तरे वर-खाली न सरकवता दिली तर मी लिलाव लावते; ती शोधू लागली तर फाइल घेऊन पुन्हा बसते.